रोज पाणी घालूनही बाग का करपते?

बेळगावातल्या अनगोळच्या एका ताईंनी विचारलंय. सहा वर्षांपूर्वी घर बांधलं, चाळीस बाय साठचा प्लॉट. समोर वीस बाय पंधरा फुटांची मेक्सिकन हिरवळ, बाजूला हापूसचं चार वर्षांचं कलम, कागदी लिंबू, एक नारळ, जास्वंद, कढीपत्ता, पाच-सहा गुलाब, आणि गच्चीवर तीस-एक कुंड्या. पाणी बोअरचं, मधूनमधून नळाचं. "सकाळ-संध्याकाळ दोघंही पाईपनं पाणी घालायलोय की, तरी सगळं वाळायलंय," असं त्या लिहितात. पानांच्या कडा करपल्यात, हिरवळ पिवळी पडलीय, लिंबाची फळं सुपारीएवढी होऊन गळतात, जास्वंदीवर कापसासारखी पांढरी कीड आलीय.

ताई, उपाय सांगण्याआधी एक काम सांगतो. उद्या सकाळी नेहमीसारखं पाणी घाला. तासाभरानं बांधकामातली उरलेली आठ-दहा मिलीमीटरची सळई घ्या, दोन फुटांची, आणि कलमाच्या आळ्यात सरळ खाली दाबा. ओल्या मातीत ती हाताच्या जोरानं उतरते. कोरडी माती लागली की थांबते, मग कितीही रेटा. जिथे थांबली तिथे बोट धरून बाहेर काढा आणि मोजा. माझा अंदाज, तुमची सळई तीन इंचांच्या पुढे जाणार नाही.

हा अंदाज हवेतून काढलेला नाही. खानापूर रस्त्याला माझी रोपवाटिका आहे, तीस वर्षं झाली, आणि मार्च ते मे या दिवसांत लोकांच्या घरी बाग बघायला जातो तेव्हा दहातल्या सात ठिकाणी हेच दिसतं. गेल्या चैत्रात हिंदवाडीतल्या एका घरी चिकूची पानं मलूल झाली होती. घरातले आजोबा रोज पहाटे उठून पाणी घालणारे, अगदी नेमाचे. मी खुरपं मागितलं आणि आळ्यात खणलं. वरची चार बोटं माती काळी, ओली, हाताला चिकटणारी. त्याखाली एकदम राखेच्या रंगाची, भुगा झालेली, जणू वर्षभर तिथे पाणीच पोचलं नाही. आणि सगळी बारीक पांढरी मुळं त्या वरच्या चार बोटांत केसांच्या गुंत्यासारखी पसरलेली. आजोबा बराच वेळ खाली बसून बघत राहिले.

मूळ जिथे पाणी मिळतं तिथेच वाढतं. रोज थोडं थोडं पाणी मिळालं की ते वरच राहतं, आणि बागेतली सगळ्यात तापणारी जागा म्हणजे तीच. एप्रिलमध्ये हवा ३७ अंश असली तरी उघड्या मातीचा वरचा थर दुपारी ५० अंशांच्या पुढे सहज जातो. आपण प्रेमानं रोज पाणी घालून मुळांना तव्यावर बोलावतो. तुमचं पाणी कमी पडत नाहीये ताई, ते चुकीच्या जागी पडतंय. या उत्तरातलं बाकीचं सगळं याच एका गोष्टीतून निघतं: पाणी खोल न्यायचं आणि मातीवर सावली धरायची.

आता आपल्या मातीबद्दल, कारण इथे एका गावाचा सल्ला दुसऱ्या गावाला चालत नाही. शहापूर, वडगाव, अनगोळ, येळ्ळूर या पट्ट्यात बरीचशी काळी, भाताची जमीन. ती पाणी सावकाश पिते पण धरून ठेवते. खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडे जांभ्याची तांबडी माती. तिथे पावसाळ्यात धो धो पडतं, पण फेब्रुवारीत वरचा थर कोरडाठाक, कारण त्या मातीत पाणी थांबतच नाही. निपाणी, चिकोडी, अथणीकडे जावं तसा पाऊस कमी आणि ऊन जास्त. अथणीत ४० अंश ही उन्हाळ्यातली नेहमीची गोष्ट. बेळगावला पूर्वी गरिबांचं महाबळेश्वर म्हणायचे, समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरवरचं गाव. अजूनही रात्री गार वारा सुटतो आणि झाडं रात्रीत सावरतात, ही आपली मोठी जमेची बाजू. पण दुपारची हवा फार कोरडी असते आणि वारा जोराचा, त्यामुळे पानातून पाणी उडतं ते इथे जास्त. कडा करपण्याचं एक कारण तो वारा आहे.

नव्या वस्तीत आणखी एक अडचण असते. घर बांधताना समोरची जागा ट्रकनं, खडीनं, सिमेंटच्या पोत्यांनी दाबून गेलेली असते. वर सहा इंच लाल माती टाकून हिरवळ लावतात आणि खाली राडारोडा तसाच. सळई मध्येच खट् करून थांबली आणि दगडासारखा आवाज आला, तर ती कोरडी माती नाही, तो राडारोडा आहे. दोन-तीन जागी करून बघा म्हणजे फरक कळेल.

पाणी खोल कसं न्यायचं ते सांगतो. पाईपच्या तोंडावर अंगठा दाबून फवारा मारणं आजपासून बंद. निम्मं पाणी पानांवर आणि कंपाउंडच्या भिंतीवर जातं. नळ पेन्सिलीएवढ्या धारेवर ठेवा, पाईप आळ्यात सोडा आणि दुसऱ्या कामाला लागा. तुमच्या धारेनं पंधरा लिटरची बादली किती वेळात भरते ते एकदा घड्याळ लावून बघितलं की हिशेब कायमचा सोपा होतो. चार वर्षांच्या कलमाला आठवड्यातून एकदा सत्तर-ऐंशी लिटर, लिंबाला आठवड्याला चाळीस लिटर. काळ्या जमिनीत हे एका दमात पीत नसेल तर अर्धं घाला, तासभर थांबा, मग उरलेलं. दुसऱ्या दिवशी सळई फूटभर उतरली पाहिजे. जांभ्याच्या मातीवाल्यांनी तेवढंच पाणी आठवड्यात दोन वेळा विभागून द्यावं, एकदम दिलं तर खालून निघून जातं.

आळं कुठे करता तेही महत्त्वाचं. बुंध्याला लागून ताटाएवढं खोलगट आळं ही आपल्याकडची सर्रास पद्धत, आणि ती चूक आहे. पाणी पिणारी मुळं फांद्यांच्या टोकाखाली असतात. दुपारी बारा वाजता झाडाची सावली जिथे संपते तिथे गोल चर काढा, वीतभर रुंद, चार बोटं खोल. बुंध्याजवळ मातीची भर द्या, म्हणजे पाणी खोडाला लागणार नाही. लिंबू आणि पपई यांच्या बुंध्याशी पाणी साचलं की साल कुजते, आणि ते कळेपर्यंत झाड हातचं गेलेलं असतं.

रोज घालणारा माणूस एकदम आठवड्यावर आला तर झाड दचकतं. मुळं वर आलेली आहेत, त्यांना खाली जायला वेळ द्या. पहिला आठवडा एक दिवसाआड, मग तीन दिवसांनी, मग पाच, असं महिनाभरात उतरा. दुपारी दोनला पानं लोंबली म्हणून पाईप उचलू नका. इतक्या उन्हात झाड स्वतःहून पानाची सूक्ष्म छिद्रं मिटून घेतं, पानं खाली सोडतं, ते त्याचं संरक्षण असतं. संध्याकाळी सातला परत बघा. ताठ झाली असतील तर काही बिघडलेलं नाही. सकाळी सहालाही मलूल असतील तर मात्र त्याला खरंच पाणी हवंय, किंवा मुळाशी काही सडलंय. दोन्हींतला फरक पानाला हात लावून कळतो: पाण्यावाचून सुकलेलं पान कुरकुरीत, कडेपासून तपकिरी. पाणी जास्त झालेल्या झाडाचं खालचं पान आधी पिवळं पडतं आणि हाताला मऊ लागतं.

वेळ पहाटेची, आठच्या आत. आणि एक गोष्ट, जी मी स्वतः रोपं घालवून शिकलो. उन्हात पडलेल्या काळ्या पाईपातलं आणि गच्चीवरच्या प्लास्टिकच्या टाकीतलं पाणी दुपारी चार वाजता इतकं तापलेलं असतं की हात ठेववत नाही. सुरुवातीच्या वर्षी मी तेच पाणी शेवंतीच्या रोपांवर सोडलं, दोन वाफे उकडून गेले. पाईपातलं पहिलं पाणी बादलीत काढा, हाताला गार लागलं की मग झाडाला. ऊन असताना पानावर थेंब पडले की भिंगासारखं काम होऊन पान जळतं असं सगळे सांगतात, त्यात फारसा अर्थ नाही. दुपारी पाणी घालू नये याचं कारण वेगळं: त्यातलं बरंचसं मुळाशी पोचायच्या आत उडून जातं.

आता सावली, म्हणजे मातीवरचं पांघरूण. आपल्याकडे शेतकरी म्हणतात, एक कोळपणी अर्धं पाणी. काळ्या जमिनीला उन्हाळ्यात भेगा पडतात, त्या भेगांतून आतली ओल उडते आणि बारीक मुळं ताणून तुटतात. वरची दोन इंच माती खुरप्यानं भुसभुशीत केली की भेगा बुजतात आणि खालची ओल खालीच राहते. पाणी घातल्यावर वाफसा आला की, म्हणजे माती हाताला चिकटेनाशी झाली की, हे करायचं. त्याच्या वर आच्छादन.

आच्छादनासाठी विकत काही आणू नका. आपल्या भागात जे फुकट मिळतं ते पुरेसं आहे. भाताचं पिंजर, म्हणजे पेंढा, येळ्ळूर, उचगावकडे कुणाकडेही मागा. उसाचं पाचट हुक्केरी, संकेश्वर, निपाणीच्या बाजूला शेतात पडून असतं, बरेच जण पेटवून देतात आणि दरवर्षी ते बघून जीव तुटतो. शेंगांची टरफलं, नारळाची सोडणं, स्वतःच्याच झाडांचा पालापाचोळा. तीन-चार इंचांचा थर द्या, त्याहून पातळ असेल तर ऊन आत जातं. बुंध्यापासून चार बोटं जागा मोकळी ठेवा. भाताचं तूस वापरलंत तर वरच पसरा, मातीत मिसळू नका. कच्चा भुसा मातीत कुजताना नत्र खाऊन टाकतो आणि झाड पिवळं पडतं.

जांभ्याच्या मातीत वाळवी लागते, आणि म्हणून खानापूरकडचे लोक आच्छादनाला घाबरतात. भीती रास्त आहे. त्यांनी कोरडा पाला जाड थरात टाकून विसरून जाऊ नये. आधी पाणी द्यावं, मग पाला, त्यात मूठ-दोन मूठ निंबोळी पेंड, आणि आठवड्यातून एकदा काठीनं उलथून बघावा. खोडावर मातीच्या नळ्या चढताना दिसल्या की लगेच मोडाव्यात. तेवढी देखरेख केली तर तिथेही आच्छादन चालतं, माझ्या स्वतःच्या जागेत चालतं.

आच्छादन दिल्यावर हात आत घालून बघा. भर दुपारी वरचं पिंजर चटका देईल, पण चार बोटं खाली माती गार आणि ओलसर लागेल. हे मी प्रत्येकाला स्वतःच्या हातानं करायला लावतो, कारण त्यानंतर सांगावं लागत नाही.

हिरवळीबद्दल मी स्पष्ट बोलतो, राग मानू नका. एका चौरस मीटरवर एक मिलीमीटर पाणी म्हणजे एक लिटर. एप्रिलमध्ये हिरवळ हिरवीगार ठेवायला दिवसाला पाच मिलीमीटर धरा. तुमची तीनशे चौरस फुटांची हिरवळ म्हणजे अठ्ठावीस चौरस मीटर, दिवसाला १४० लिटर, महिन्याला चार हजारांच्या वर. म्हणजे जवळजवळ एक टँकर. ज्या गावात कित्येक गल्ल्यांना चार-पाच दिवसांनी नळाला पाणी येतं, तिथे एवढं पाणी गवतावर घालायला माझं मन होत नाही. यावर्षी ती जगवायची तर कापणं थांबवा, दोन-अडीच इंच उंच राहू द्या म्हणजे ती स्वतःच्या मुळांवर सावली धरते, आठवड्यातून दोनदा खोल पाणी द्या, आणि पिवळी पडली तर पडू द्या. पिवळी म्हणजे मेलेली नव्हे. एक मूठ गवत धरून ओढा. सहज उपटून आलं तर गेलं, जमीन धरून राहिलं तर पावसात उठेल. पावसाळा सुरू झाल्यावर मात्र निम्मी जागा हरळीला द्या. आपली दूर्वा, गणपतीला वाहतो ती. तिचं मूळ खोल जातं, तुडवलेली चालते, आणि सुकल्यावर पहिल्या वळवाला चार दिवसांत परत फुटते.

कुंड्यांवर जास्त लिहितो, कारण उन्हाळ्यात सगळ्यात आधी मरतात त्या कुंड्या. जमिनीतल्या झाडाचं मूळ खाली पळू शकतं, कुंडीतलं कुठे जाणार? दोन वर्षांपूर्वी टिळकवाडीतल्या एका गच्चीवरची मेलेली जास्वंद मी कुंडीतून सबंध बाहेर काढली. काळी प्लास्टिकची कुंडी, पश्चिमेच्या कठड्याला लागून ठेवलेली. मातीचा गड्डा कुंडीच्या आकाराचा निघाला. पूर्वेकडच्या अंगाला मुळं पांढरी, जिवंत. पश्चिमेकडच्या अंगाला तपकिरी, चिमटीत धरली की साल सुटून हातात येणारी. अर्धी मुळं उन्हानं शिजली होती आणि घरची मंडळी त्यांना जास्त जास्त पाणी घालत होती. मेलेल्या मुळांना पाणी म्हणजे फक्त कुज. गड्डा मध्ये चिरून दाखवला तेव्हा त्यांना पटलं.

म्हणून पहिलं काम, सगळ्या कुंड्या कठड्यापासून हलवा. जिन्याच्या खोलीच्या पूर्वेला सावली पडते, तिथे सकाळचं ऊन आणि दुपारी आडोसा मिळतो. कुंड्या एकमेकींना चिकटवून ठेवा. मोठ्या बाहेर, लहान मध्ये. बाहेरच्या कुंड्यांना गोणपाट गुंडाळा आणि सकाळी ते ओलं करा. काळ्या कुंड्यांना बाहेरून चुना लावला तरी फरक पडतो. खाली दोन विटा द्या, तापलेल्या स्लॅबला कुंडीचा तळ टेकू देऊ नका. हिरवी जाळी लावायची तर पन्नास टक्क्यांची पुरे, आणि ती नैऋत्येकडून धरा, झाडांच्या शेंड्यांवर दोन-तीन फूट उंच. झाडांवर टेकवलेली जाळी उलट तापून पानं भाजते. पंचाहत्तर टक्क्यांची जाळी नेचे, ऑर्किड यांच्यासाठी. गुलाब त्याखाली लांबट आणि फिका होतो.

कोकोपीट भरपूर घातलेल्या कुंड्या एकदा पूर्ण कोरड्या झाल्या की वरून घातलेलं पाणी कडेनं खाली उतरतं आणि मधला गड्डा कोरडाच राहतो. खालून पाणी आलं म्हणून आपण समाधानी. कुंडी उचलून बघा, हलकी लागली की समजा. ती टबात गळ्यापर्यंत बुडवा, बुडबुडे थांबेपर्यंत, मग निथळू द्या. कुंड्यांना मात्र रोज पाणी लागतं, लहान असतील तर दोनदा. खालच्या बशांत पाणी साठू देऊ नका, डेंग्यूचे डास तिथेच वाढतात.

तुमचं पाणी बोअरचं आहे आणि कुंड्यांच्या काठावर पांढरा थर आहे असं तुम्ही लिहिलंय. तो क्षार आहे, आणि कडा करपण्याचं दुसरं कारण तोच. रोज थोडं पाणी, रोज ते उडून जातं, क्षार मागे राहतो. महिन्यातून एकदा नळाचं पाणी येईल त्या दिवशी कुंडीच्या मापाच्या दुप्पट पाणी सावकाश ओतून तळातून वाहू द्या. एसीचं गोळा झालेलं पाणी क्षार नसलेलं असतं, ते कुंड्यांना खुशाल घाला. पाणी शुद्ध करायच्या यंत्रातून बाहेर टाकलेलं पाणी अजिबात नको, त्यात क्षार जमलेला असतो. तांदूळ, भाजी धुतलेलं पाणी उत्तम. कपड्यांचं साबणाचं पाणी नारळाला किंवा बोगनवेलीला अधूनमधून चालेल, पहिलं खळबळलेलं सोडून दुसरं, आणि तेही साध्या पाण्याशी आलटून पालटून.

बाहेरगावी जाणार असाल तर मडकं पुरा. खानापूरची माती कुंभारकामासाठी नावाजलेली, तिकडची भाजलेली, झिलई नसलेली पाच-सात लिटरची मडकी मिळतात. गळ्यापर्यंत पुरायचं, भरायचं, वर झाकण. अंगातून पाझरतं आणि माती जेवढं ओढते तेवढंच जातं. कढीपत्ता, गुलाब, नवं लावलेलं रोप यांना आठवडा सहज निघतो. क्षाराच्या पाण्यानं वर्षभरात मडक्याची छिद्रं बुजतात, मग मडकं बदलायचं.

लिंबाची फळगळ आणि फुटणं हे दोन्ही पाण्याच्या अनियमितपणाचं. दहा दिवस कोरडं, मग एकदम भरपूर, असं झालं की फळ आतून फुगतं आणि साल फाटते. आठवड्याचा वार ठरवा आणि मोडू नका. कलमाचं फळ यावर्षी कमी ठेवा, चार वर्षांच्या झाडाला दहा-बारा आंबे पुरेत. लिंबू आणि आंबा दोघांच्या खोडाची नैऋत्येकडची साल बघा. उन्हानं तडकून आत अळी शिरते. चुना किंवा बोर्डो पेस्ट लावा: एक किलो मोरचूद, एक किलो कळीचा चुना, दहा लिटर पाणी. दोन्ही वेगवेगळ्या प्लास्टिकच्या भांड्यांत भिजवून मग एकत्र करायचं, लोखंडाचं भांडं घ्यायचं नाही. घरच्या दोन झाडांना याचा विसावा भाग पुरतो. जमिनीपासून अडीच-तीन फुटांपर्यंत लावा.

नारळ मोठा पिणारा. चार दिवसांतून एकदा दोनशे लिटर, बुंध्यापासून सहा फुटांपर्यंतच्या आळ्यात. सोडणं फेकू नका, आळ्यात पालथी अंथरा. झावळ्या लोंबल्या म्हणून हिरव्या झावळ्या तोडायला कुणाला चढवू नका.

गुलाबाची आत्ता छाटणी नको. वाळलेली फुलं फक्त खुडा. मोगऱ्याची काळजीच करू नका, त्याचा तर हा हंगाम, ऊन असेल तितका फुलतो. तुळशीच्या मंजिऱ्या खुडत राहा, नाहीतर ती बी धरून म्हातारी होते. बोगनवेलीला पाणी कमी केलं तरच रंग येतो.

जास्वंदीवरची पांढरी कीड म्हणजे पिठ्या ढेकूण. मुंग्या त्याला इकडून तिकडे नेतात, आधी मुंग्यांचा बंदोबस्त करा. फार माखलेले शेंडे कापून पिशवीत बांधून टाका, तिथेच टाकू नका. बाकी सकाळी पाईपच्या जोरदार धारेनं पानांच्या खालून धुवा. फवारा वापरायची हीच एक जागा. मग संध्याकाळी ऊन उतरल्यावर लिटरला पाच मिलीलिटर निंबोळी तेल, त्यात थोडा पातळ साबण, आठवड्यानं परत. उन्हात तेल फवारलं तर पान भाजतं. गुलाबाची पानं धुरकट, ठिपक्याठिपक्यांची दिसत असतील तर पांढऱ्या कागदावर फांदी झटका. लाल कण चालायला लागले तर तो लाल कोळी, पानाचा रस शोषणारी बारीक कीड. त्याला कोरडी हवा आवडते आणि पाणी सोसत नाही, पानांच्या खालून चार दिवस धुतलं की उतरतो.

खत बंद. हे मी ठासून सांगतो, कारण झाड पिवळं दिसलं की लोक आधी युरियाची मूठ टाकतात. कोरड्या, तापलेल्या मातीत युरिया म्हणजे मुळांना मीठ चोळणं. माझ्या स्वतःच्या धंद्याच्या तिसऱ्या वर्षी मी चाळीस गुलाबांना एप्रिलमध्ये "ताकद यावी" म्हणून ते दिलं आणि आठ दिवसांत अठरा गेले. ती झाडं अजून डोळ्यांपुढे आहेत. काही द्यायचंच असेल तर शेणखत आच्छादनाच्या खाली, आणि तेही पाणी दिल्यावर. नवी रोपं या दिवसांत आणू नका. जाळीखाली वाढलेलं रोप तुमच्या अंगणात दोन दिवसांत करपतं. मी स्वतः रोपं विकतो, तरी एप्रिल-मेमध्ये येणाऱ्याला जूनमध्ये या म्हणतो.

एप्रिल सरता सरता वळीव येईल. पाऊस पडला म्हणून ठरलेलं पाणी चुकवू नका, आधी सळई घाला. अर्ध्या तासाचा धुवाधार वळीव अंगणात पाण्याचे लोट काढतो, पण कोरड्या काळ्या मातीत दोन-तीन इंचांखाली बऱ्याचदा काहीच गेलेलं नसतं. गारा पडल्या तर फाटलेली पानं लगेच ओरबाडू नका, मोडलेल्या फांद्या तेवढ्या नीट कापा आणि खोडावरच्या जखमांना बोर्डो पेस्ट लावा. मृगाचा पाऊस लागून जमीन खोल भिजली की आच्छादन बाजूला करून त्या गोल चरात शेणखत द्या, आणि पश्चिमेच्या कंपाउंडला लागून एक करंज लावा. चार-पाच वर्षांनी दुपारचं ऊन तोच अडवेल.

तुम्ही आधी सळईचं तेवढं करा. कलमाशी, लिंबाशी आणि हिरवळीत, तीन जागी, किती इंच उतरली ते मोजून कळवा, आणि सळईच्या टोकाला लागलेली माती काळी होती की तांबडी तेही. लिंबाच्या पाण्याचे दिवस त्यावरून नक्की करू.